चार नंबरची धून

एकोणिसाव्या वर्षी मला सगळं कळत होतं. बारामतीच्या कॉलेजात एस.वाय.ला होते, मानसशास्त्र घेतलं होतं, आणि संध्याकाळी एका बाईंकडे गाणं शिकत होते. सुट्टीला वरकुट्याला घरी आले की मी बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा माझा खाक्या होता. माझी आजी, द्वारकाबाई, म्हणायची, "देवानं हिला दोन कान उगंच दिलं. आनिक एक तोंड दिलं असतं तर बरं झालं असतं." मी हसून सोडून द्यायचे. आजीचं बोलणं किती खरं होतं ते शहाण्णवच्या फेब्रुवारीत कळलं, आणि ते कळता कळता माझ्या भावाची सहा वर्षांची पोर हातची गेली असती.

त्या वर्षी आम्हाला प्रात्यक्षिकाला विषय होता, सुरांचा मनावर होणारा परिणाम. सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले. इंग्रजी संगीतात मेजर आणि मायनर असे दोन घाट असतात, म्हणाले. मेजर ऐकलं की माणसाला आनंद होतो, मायनर ऐकलं की उदास वाटतं. आपल्याकडे सोप्यात सांगायचं तर शुद्ध गंधार आणि कोमल गंधार. तिसरा सूर जागेवर असला की धून खुलते, तोच जरा खाली उतरवला की मलूल होते. हे कुणालाही, अगदी अडाण्यालाही, आपोआप कळतं का, ते आम्ही शोधायचं होतं.

आमच्या बाईंच्या ओळखीच्या एका बासरीवाल्यानं मला दहा धुना कॅसेटवर भरून दिल्या. पाच शुद्ध गंधाराच्या, पाच कोमल. कागदावर प्रत्येक धुनेपुढे दोन चेहरे काढले, एक हसरा, एक रडका. ऐकणाऱ्यानं बोट ठेवायचं, बस. वसतिगृहात तीस मुलींना ऐकवलं. चार नंबरच्या धुनेला अठ्ठावीस जणींनी हसऱ्यावर बोट ठेवलं आणि एकजण तर उठून नाचायलाच लागली. सात नंबर ऐकून एका मुलीनं आईला पत्र लिहायला घेतलं. सर खूश झाले. आता खेड्यातली वीस माणसं कर, म्हणाले. मैत्रिणीचा टेप मागून घेतला, सेल नवे घातले आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं मी घरी आले.

आमचं घर पूर्वी मेंढरांचं. आजोबांच्या वेळी तीनशे मेंढरं होती आणि घर म्हणजे घोड्याच्या पाठीवरचा संसार. पाटाचं पाणी आलं तसं वडिलांनी रान धरलं, वांगी-टोमॅटो लागले, सिमेंटचं घर झालं, मेंढरं गेली. एकट्या भीमातात्यानं, म्हणजे माझ्या चुलत्यानं, ती सोडली नाहीत. त्यानं लग्नही केलं नाही. चाळीस मेंढरं, कमरेला खोवलेला पावा आणि नकोशी, एवढाच त्याचा संसार.

नकोशी माझ्या भावाची, दादासोची, तिसरी मुलगी. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणे. झाला नाही. पण तिला कुणी नको म्हटलं असेल तर ते पहिले चार दिवस. नंतर ती सगळ्यात जास्त तात्याची झाली आणि दुसऱ्या नंबरला माझी. मी आले की माझ्या मांडीवरून हलायची नाही.

तर त्या शनिवारी ओट्यावर टेप लावला. आजी लसूण सोलत होती, नकोशी माझ्या मांडीवर होती. पहिल्या तीन धुना बिनबोभाट गेल्या. मग चौथी सुरू झाली. बासरी मोकळी, वरच्या पट्टीतली, उड्या मारत चढणारी, गंधारावर जाऊन तीन-तीनदा थबकणारी. लग्नात वाजवावी अशी.

आजीच्या हातातला लसणाचा गड्डा खाली पडला.

"बंद कर गं," ती म्हणाली.

"का? काय झालं?"

"बंद कर म्हन्ते ना!"

अंगणापलीकडे वाडग्यात, म्हणजे काट्यांच्या कुंपणात, मेंढरं धडपडून उठली. सगळ्यांनी तोंडं मधोमध खुपसली आणि बाहेर नुसत्या पाठी राहिल्या. नकोशी मांडीवरून कधी उतरली आणि कधी बाजेखाली गेली ते मला कळलंच नाही. तात्या काठी घेऊन धावत आला, त्यानं आधी माळाकडे पाहिलं, मग टेपकडे, आणि काठी खाली टेकवली.

मला हसू आलं. खरंच आलं, खोटं कशाला सांगू. मी कागद पुढे केला आणि म्हणाले, "आजी, हसरा का रडका तेवढं सांग."

आजीनं कागद डोळ्यांजवळ धरून दोन्ही चेहरे न्याहाळले. "ह्यात भ्यालेलं तोंड कुठं हाय?"

"तसलं नसतंय."

"मग तुझ्या सरांना म्हनावं, काडून द्या."

तात्या पायरीवर बसला. तो मला कधी रागावला नाही, तेव्हाही नाही. "असं हाय सुप्रिया," तो म्हणाला, "खालचा सूर वाऱ्यात इरून जातोय. वरचा, मोकळा, उड्या घेनारा सूर शिवंपतूर आयकू जातोय. म्हनून लांडगं दिसलं का आमी पाव्यावं त्योच वाजवनार. मेंढरांनी गोळा व्हायचं. पोरांनी मेंढरात घुसायचं, न्हायतर घावंल त्या आडोशाला गप पडायचं. लांडगं गेलं, समदी जित्राबं मोजून झाली, का मग खालचा सूर. त्यो झाल्याबिगर कुनी उठायचं न्हाय."

"पण ही तुमची लांडग्याची धून नाहीच. ही बारामतीच्या माणसानं वाजवलीय."

"ती न्हाय. पर त्याच जातीची."

मी टेप पुढे चालू ठेवला. सात नंबर लागली. कोमल गंधाराची, संथ, खालच्या खाली फिरणारी. नकोशी बाजेखालून बाहेर आली, कपड्यांवरची धूळ झटकली आणि येऊन माझ्या मांडीवर बसली. वाडग्यातली मेंढरं सैल झाली. आजीनं डोळे मिटले. "आली समदी," ती म्हणाली आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

माझा सगळा तक्ता उलटा होत चालला होता. मला राग आला. मी वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली. समजा नकोशी लपली आणि तिच्या आईनं, सारजावहिनीनं, हाक मारली तर?

"उठायचं न्हाय," आजी म्हणाली. "आईच्या हाकंला बी न्हाय." मग म्हणाली, "तुझ्या बापाच्या आदी मला एक लेक हुती. मी वड्यावरनं पानी घिऊन आले. पावा वाजलाय ह्ये मला ठावं न्हवतं. मेंढरं दिसली, लेक दिसंना, म्हनून मी हाक मारली. ती उठून माझ्याकडं पळत सुटली."

पुढचं तिनं सांगितलं नाही. आमच्या घरात हे कुणी कधी बोललं नव्हतं. तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणाले, "म्हणजे आजी, तुला सुराची भीती नाहीच. तुला आठवणीची भीती आहे."

आजीनं खाली पडलेला लसूण उचलला आणि पुन्हा सोलायला घेतला.

झोपेपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. आजीला आठवण आहे, ठीक. तात्याला सवय आहे, ठीक. पण नकोशीनं लांडगा बघितलेला नाही. ती घाबरली ती सुराला, की आजी घाबरली म्हणून? आजी समोर नसताना लावून पाहिलं तर उत्तर मिळेल. सर म्हणायचे, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मला ते वाक्य फार आवडायचं.

रविवारी जेवण करून मी टेप घेऊन माळावर गेले. तात्याची मेंढरं चारीच्या अलीकडे चरत होती. चारी म्हणजे पाटातून रानांना पाणी नेणारा मातीचा कालवा, कंबरभर खोल. तेव्हा ती कोरडी ठणठणीत होती. नकोशी बोरीखाली बोरं वेचत होती. एक मेंढी व्यायला झाली होती आणि अडली होती. तात्यानं तिला खांद्यावर घेतलं.

"वस्तीवं नेतू हिला, आय बघंल. तासाभरात येतू," तो मला म्हणाला. "मेंढरं कुठं जात न्हाईत. पोरीवं नजर ठेव."

"ठेवते की."

तो उतारावरून दिसेनासा झाला. यापेक्षा चांगली संधी मिळणार नव्हती. मी नकोशीला काही न सांगता लांबच्या बांधामागे जाऊन बसले, कॅसेट चार नंबरवर आणली, आवाज पूर्ण वाढवला आणि बटण दाबलं.

मेंढरांनी माना वर केल्या आणि क्षणात गोळा झाली. मी बांधावरून डोकं काढून बोरीखाली पाहिलं. बोरांची टोपली तिथेच होती. नकोशी नव्हती. मी टेप बंद केला, घड्याळ पाहिलं आणि कागदावर लिहिलं: आजी गैरहजर, तरीही भीती. मला इतका आनंद झाला होता की अक्षर वाकडं आलं.

मग मी उठून हाक मारली. "नकोशे! ये गं, आत्या हाय. गंमत केली मी."

उत्तर आलं नाही. मी पुन्हा ओरडले, "लांडगा-बिंडगा काय न्हाय, ये!" आणि ओरडता ओरडताच माझ्या लक्षात आलं की ती येणार नाही. आईच्याही हाकेला यायचं नाही असं तिला शिकवलं होतं. मी तर आत्या.

मेंढरांत घुसून मी एकेकीला बाजूला केलं. पायांच्या जंगलात वाकून पाहिलं. नव्हती. बाभळीच्या झुडपात नव्हती. दगडांच्या ढिगाऱ्यामागे नव्हती. माळ सगळा उघडा, ढेकूळ न् ढेकूळ दिसत होतं, आणि त्यात एक पोर दिसत नव्हती. मी स्वतःला म्हणत होते, असेल इथेच, कुठे जाणार आहे, तास झाला की तात्या येईल, पावा वाजवेल आणि ती हसत येईल. टेपवरची सात नंबर लावावी म्हणून मी बांधाकडे वळले, तेवढ्यात पाटकरी सायकलवरून आला.

पाटकरी म्हणजे पाटाची दारं उघडणारा आणि ती खाली पाडून पाणी बंद करणारा माणूस. चारीच्या काठाकाठानं तो दामटत येत होता आणि ओरडत होता, "पानी सुटलंय! चारीत जनावरं असतील तर काडा! पानी सुटलंय!"

त्या क्षणी मला चारीवरची मोरी आठवली. गाडीवाटेखालून चारीचं पाणी पलीकडे जायला तिथे सिमेंटचा पाइप टाकला होता. बोरीपासून चाळीस पावलांवर. मी न पाहिलेला तेवढाच आडोसा उरला होता.

"दार पाडा!" मी किंचाळले. "मोरीत पोर हाय! दार पाडा!"

त्यानं सायकल तिथल्या तिथे वळवली. "पाडतू! पर सुटल्यालं पानी येनारच," तो जाता जाता ओरडला. "धा मिंटं न्हाईत, बघ!"

मी पळाले. पायातल्या चपला कुठे गेल्या मला माहीत नाही. चारीत उडी टाकून मी पाइपाच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसले. आत काळोख होता. पलीकडचं तोंड झाडपाल्यानं आणि गाळानं अर्धं बुजलेलं, तिथून थोडासा उजेड येत होता, आणि त्या उजेडात मधोमध एक गोळा दिसत होता. पिवळा फ्रॉक होता.

"नकोशे, बाहेर ये! पाणी येतंय!"

गोळा हलला नाही. मी आत शिरायला गेले. डोकं आणि एक खांदा गेला, दुसरा अडकला. हात लांब केला तरी तिच्यात आणि माझ्यात हातभर अंतर राहिलं. मी पलीकडे जाऊन पालापाचोळा उपसायला लागले, तर ती सरकत सरकत अलीकडच्या बाजूला गेली. तिला वाटत होतं तेच मलाही कळत होतं: काहीतरी उकरत तिच्याकडे येतंय. मी उकरायचं थांबवून परत अलीकडच्या तोंडाशी आले, तर ती पुन्हा मधोमध सरकली. शिव्या द्याव्यात, रडावं, काय करावं कळेना.

तिला आणायला एकच गोष्ट चालणार होती, खालचा सूर. टेप माळावर राहिला होता. तो आणायला गेले असते तर माझ्या आधी पाणी पोचलं असतं. तात्या वस्तीवर. उरले मी.

दोन वर्षं मी गाणं शिकत होते. सात नंबर मी शंभरदा ऐकली होती. पाइपाला तोंड लावलं आणि सुरुवात केली.

जे बाहेर आलं ते सात नंबर नव्हतं. भ्यालेल्या माणसाचा गळा वर चढतो, हे मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. षड्जच माझा उंच लागला. तिथून गंधार खाली उतरेना, तो ताठ उभाच राहिला, शुद्धच्या शुद्ध, आणि श्वास पुरेना म्हणून धून भराभर पळायला लागली. मी तिच्यासाठी खालचा सूर गात नव्हते, लांडग्याची वर्दी देत होते. पाइपात नखं खरवडल्याचा आवाज आला. नकोशी आणखी आत सरकली.

मी तोंड दाबून धरलं. चारीच्या तळातून पहिलं पाणी आलं ते बोटभर. काड्या, कोरडी पानं आणि मातकट फेस पुढे ढकलत ते हळूच वळणावरून आलं आणि माझ्या गुडघ्यांना लागलं. थंडगार होतं. मागून घुमल्यासारखा आवाज येत होता.

मला आजीची लेक आठवली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तिचं नावही मला माहीत नव्हतं. पण मला ती पळत येताना दिसली, आणि आजी तिला हाका मारत उभी असलेली दिसली, आणि आता आजीच्या जागी मी होते. पन्नासेक वर्षांनी त्याच घरात दुसरी. आजीला निदान माहीत नव्हतं. मी मुद्दाम केलं होतं.

पाणी मनगटापर्यंत आलं. मी पालथी पडले, गाल पाइपाच्या काठाला टेकवला आणि डोळे मिटले. आजी सात नंबर ऐकून काय म्हणाली होती? आली समदी. मी मनात मोजायला लागले. तात्या आला. आजी आली. वहिनी आली. दादा आला. मेंढरं आली, चाळीसच्या चाळीस. कुणी गेलं नाही. असं खोटं खोटं मोजत, ओठ मिटूनच, छातीतून सा लावला. हलकेच ऋषभ. मग गंधार. त्याला ढकललं नाही, त्याचा त्याला उतरू दिला. तो बसला जागेवर. पाइपात तो घुमला आणि माझ्याकडे परत आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो सूर उदास वाटला नाही. घरी कोणीतरी कडी लावून घ्यावी तसा वाटला.

मी थांबले नाही. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा मान उचलून गात राहिले. पाइपातून पाणी ओढल्यासारखा गुळगुळ आवाज यायला लागला होता. तेवढ्यात माझ्या हाताला काहीतरी लागलं. लहान, गार, चिखलानं निसरडं. बोटं होती.

मी दोन्ही मनगटं धरली आणि खेचलं. पाइपाच्या काठानं तिचा गुडघा सोलला. तिला कवटाळून मी चारीचा काठ चढले, ती वर माझ्या अंगावर पडली आणि मागून पाण्याचा लोट आला, मोरीचं तोंड बुडालं, पलीकडचा पाचोळा फुटून वाहून गेला. त्यानंतर बऱ्याच वेळानं पाणी ओसरायला लागलं. पाटकऱ्यानं दार पाडलं होतं. ते मी पाहिलं, पण माझ्या ध्यानात आलं नाही. मी अजून गुणगुणतच होते.

घरी आलो तेव्हा अंगणात सगळे होते. मेंढी व्याली होती. आजीच्या पदरात कोकरू होतं, वहिनी चुलीवर पाणी तापवत होती. आम्हा दोघींना चिखलानं माखलेलं बघून तात्या उठून उभा राहिला.

"आत्या," नकोशीनं सगळ्यांसमोर विचारलं, "लांडगा केवढा हुता गं?"

एवढा मोठा होता, म्हणून सांगून टाकावं असं मला वाटलं. कुणी विचारलंही नसतं. तात्यानं उलट माझे पाय धरले असते. मी म्हणाले, "लांडगा न्हवता. मी टेप लावला होता. बघायला, की तू घाबरतेस का."

वहिनीनं चुलीपुढून उठून पोर माझ्या हातातून काढून घेतली. तात्या वळला आणि माळावर मेंढरांकडे निघून गेला. मला वाटलं, आजी मारेल. मारायला हवं होतं. आजी कोकराचं अंग पुसता पुसता म्हणाली, "खरं सांगितलंस ते बेस केलंस. पर आता तिला म्हाईत झालं."

"काय?"

"का त्यो सूर लबाड बी असतोय."

मी तेव्हा ते ऐकून घेतलं, पण समजून घेतलं नाही. पोर वाचली होती, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बारामतीला जाऊन मी टेप परत दिला आणि सरांना सांगितलं की खेड्यातले कागद भिजले. आठवडाभर मला झोप लागली नाही. वसतिगृहासमोरून एक वरात गेली, बँडवाले जोरात वाजवत होते, मुली खिडकीत गर्दी करून टाळ्या पिटत होत्या, आणि मी गादीवर पाय पोटाशी घेऊन बसले होते. पुढच्या शनिवारी कुणी बोलावलं नसताना मी पुन्हा घरी आले.

रविवारी दुपारी मी वहिनीबरोबर वांगी तोडत होते. ती अजून माझ्याशी बोलत नव्हती. आमच्या रानाला लागूनच माळ, तिथे तात्याची मेंढरं दिसत होती आणि त्यांच्या कडेला पिवळा फ्रॉक दिसत होता. तात्या जरा वरच्या अंगाला टेकाडावर उभा होता.

पावा वाजला. वरच्या पट्टीत, मोकळा, उड्या घेत.

माझ्या हातातली पाटी पडली. हा तोच गंधार होता ज्यावर अठ्ठावीस मुलींनी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं होतं, आणि माझे डोळे आडोसा शोधत होते. मेंढरांनी गर्दी केली, माना आत घातल्या. नकोशी मात्र उभीच राहिली. तिनं मेंढरांकडे पाहिलं नाही की तात्याकडे पाहिलं नाही. तिनं रानात मला शोधलं.

"बस!" मी ओरडले. "खाली बस!"

ती माझ्या हातांकडे बघत होती. मला कळलं, ती टेप शोधतेय. मी दोन्ही हात रिकामे वर करून दाखवले. तिला वाटलं मी हात हलवतेय. तिनंही हसून हात हलवला आणि ती माझ्याकडे यायला निघाली, मेंढरं सोडून, उघड्या माळावरून.

मी अशी कधी धावले नव्हते. मागून वहिनी येत होती. डाव्या हाताला गवतात करडी पाठ वेगात सरकताना मला दिसली, एक, आणि तिच्यामागे दुसरी. तात्या काठी फिरवत टेकाडावरून खाली येत होता. मी नकोशीला गाठलं, तिला खाली पाडलं आणि तिच्यावर पडले. तोंडात माती गेली. माझ्याखाली तिचं काळीज उडत होतं, आणि त्याच्यावर माझं. काहीतरी जवळून गेलं, गवत वाजलं. एक मेंढी ओरडली आणि तो ओरडा लांब लांब गेला.

मग बराच वेळ काही नाही. आणि मग टेकाडाखालून खालचा सूर आला, थकलेला, तुटक, पण खालचा. वहिनी आमच्या शेजारी येऊन बसली. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आत्या," नकोशी माझ्या अंगाखालून म्हणाली, "ह्ये खरं हुतं व्हय?"

"व्हय."

तिनं मान वळवून माझे रिकामे हात पाहिले. "मग मला कसं कळायचं गं?"

तात्याचा पावा थांबला, मेंढरं पांगून चरायला लागली, वहिनी उठा म्हणाली, तरी मी तिला तशीच धरून पडून राहिले.